पाहुणे येणार, मग डचचं काय?

ताई, सप्रेम नमस्कार.
लग्नानंतर मी नेदरलँड्समधल्या युट्रेख्तला आले त्याला आता चार वर्षं होतील. गेल्या वर्षापासून डच शिकतेय. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग असतो आणि जूनमध्ये इनबुर्खरिंगची, म्हणजे इथे स्थायिक होणाऱ्यांना द्यावी लागते ती परीक्षा आहे. एप्रिलमध्ये भाच्याची चौथीची परीक्षा संपली की सासू-सासरे, नणंद आणि भाचा असे सगळे इथे येतायत. नणंद तीन आठवडे राहील, सासू-सासरे अडीच महिने. नवऱ्याला ऑफिस, म्हणून सगळ्यांना फिरवायचं काम माझ्याकडे. मला त्यांचं करायला आवडतं, तक्रार ती नाही. पण मागच्या खेपेला एका दुकानात मी डचमध्ये बोलायला लागले आणि अडखळले. सासरे म्हणाले, "अगं, इंग्रजीत बोल की, त्याला येतंय." दुकानदारही लगेच इंग्रजीवर आला. त्यानंतर त्यांच्यासमोर मी डचचा एक शब्दही काढला नाही. मला जमतच नाही. आता ऐन परीक्षेआधी अडीच महिने असे गेले तर माझं काय होणार? त्यांना घरी बसवून अभ्यास कसा करू?
– युट्रेख्तहून एक वाचक

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हिला वेळ पुरणार नाही म्हणून काळजी आहे. दुसऱ्यांदा त्या दुकानापाशी थांबले. वेळेचं आपण बघू. पण अडीच महिने सासऱ्यांसमोर तोंड मिटून राहिलीस, तर जूनमध्ये ते उघडायला जड जाईल, आणि खरी भीती मला त्याची वाटते.

म्हणून पाहुणे यायच्या आधीच एक कर. सासऱ्यांशी फोनवर बोल. सरळ सांग, "बाबा, जूनमध्ये माझी परीक्षा आहे. तुम्ही आलात की मी बाहेर सगळीकडे डचमध्ये बोलणार आहे. अडखळेन, वेळ लागेल. तेवढा वेळ तुम्ही मला द्या, मध्ये इंग्रजीत बोलू नका." मागच्या वेळी त्यांनी तुला थांबवलं ते सुनेची अडचण बघवेना म्हणून. परीक्षा आहे म्हटल्यावर आपल्याकडची वडीलधारी माणसं कशी बदलतात, हे तुला मी सांगायला नको. त्यांना काम दे. छोटी वही आणि पेन त्यांच्याकडे ठेवायला सांग. दिवसभरात तुला जो शब्द अडला, तो त्यांनी देवनागरीत टिपून ठेवायचा आणि रात्री जेवताना तुला विचारायचा. माझ्या वडिलांनी असं केलं होतं. त्यांची ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर 'उइतखांग = बाहेर जायचा रस्ता' असं लिहिलंय, खाली तारीख आणि स्टेशनचं नाव.

दुसरं बोलणं नवऱ्याशी. तुझे दोन संध्याकाळचे वर्ग बुडता कामा नयेत, एकही नाही. त्या दोन संध्याकाळी स्वयंपाक आणि आई-वडील दोन्ही त्याच्याकडे. लांबच्या फेऱ्यांसाठी त्याने चार-पाच दिवस रजा काढावी. आई-वडील त्याचे आहेत, त्यालाही त्यांच्याबरोबर फिरू दे. हे आधी ठरलं नाही तर पुढे रोज छोट्या छोट्या गोष्टींवरून धुसफूस होत राहते, आणि पाहुण्यांना ती कळते.

आता फिरण्याचं. प्रत्येक ठिकाणी डच बोलायचा अट्टहास नको. कॉइकेनहोफला तू जाणारच, जायलाच हवं. सुमारे 70 लाख कंद फुलतात आणि बाग उघडी असते मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम आठ आठवडे. नणंद आहे तोवरच जाऊन या, तिकिटं वेळेसकट आधी काढून ठेव. पण तिथे जगभरची गर्दी असते, काउंटरवरची मुलं तुझं पहिलं वाक्य संपायच्या आत इंग्रजीवर येतील. त्या दिवशी डच सोडून दे. फुलं बघ, फोटो काढ, सासूबाईंना मधूनमधून बाकावर बसव. आम्स्टरडॅमचा मधला भाग आणि राइक्सम्युझियमही तसंच. रेम्ब्रांटच्या 1642 सालच्या त्या 'नाइट वॉच' चित्रासमोर उभं राहिल्यावर कोण कुठल्या भाषेत बोलतंय याकडे लक्ष जात नाही.

डच बोलायला जागा हव्यात त्या अशा, जिथे समोरच्या माणसाला घाई नसते आणि तुला खरोखर काही विचारायचं असतं. पवनचक्क्या यासाठी फार चांगल्या. किंडरडाइकच्या 19 चक्क्या बघायला सासरे उत्सुक असतीलच, रजेच्या दिवशी चौघं-पाच जण मिळून जा. पण त्या पाणी उपसणाऱ्या आणि तिथेही पर्यटकांची रीघ. त्याशिवाय एखादी पिठाची चक्की मुद्दाम बघा. तुझ्याच गावात रेइन एन झोन आहे. या चक्क्या चालवणारे बरेच जण हौशी असतात, शिकून, परीक्षा देऊन मोलनार झालेले. मोलनार म्हणजे आपला गिरणीवाला. पाती फिरत असतील आणि निळा पताका लावलेला दिसला, तर आत यायला हरकत नाही असा अर्थ. मेचा दुसरा शनिवार-रविवार तर देशभर चक्क्यांचा दिवस असतो, त्या वेळी सासू-सासरे इथेच असतील.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला अशाच एका चक्कीत नेलं होतं. लाकडी जिना उभा, आईने दोरखंड धरून एकेक पायरी चढली. वर पोचलो तर दगड फिरतायत, सगळी जमीन पायाखाली थरथरतेय, हवेत पिठाचा वास. मोलनारने खालच्या नळकांड्यातून चिमूटभर पीठ घेऊन तिच्या तळव्यावर ठेवलं. आईने ते अंगठा आणि तर्जनीत चोळलं, जसं घरी जात्यावरून उतरलेलं चोळून बघायची, आणि म्हणाली, "जाड आहे गं, भाकरीला चालेल." त्याला काय म्हणाली ते हवं होतं. मला 'जाड' येत नव्हतं. मी बोटं चोळून दाखवली, "व्हेल... नीत क्लेइन..." असं काहीतरी जुळवलं. तो म्हणाला, "ख्रोफ!" मग दुसऱ्या पोत्यातलं पीठ तिच्या तळव्यावर ठेवलं आणि म्हणाला, "एन दित इस फेइन." जाड आणि बारीक. हे दोन शब्द मला पुस्तकातून कधी पाठ करावे लागले नाहीत. आणि लक्षात घे, आई नसती तर मला पिठाचं जाड-बारीक विचारायचं सुचलंच नसतं. पाहुणे असले की आपल्याला न सुचणारे प्रश्न पडतात, आणि त्यांची उत्तरं फक्त तुझ्यामार्फत मिळतात. वर्गातली कुठली बाई तुला एवढी खरी गरज देणार?

सासूबाई शाकाहारी असाव्यात असं धरून चालते. मग बाहेर खाण्याच्या वेळी सगळी भिस्त तुझ्यावर. "झे एत खेन व्लेस, खेन व्हिस एन खेन एइ." त्या मांस, मासे, अंडं खात नाहीत. "झित अर एइ इन?" यात अंडं आहे का? पॅनकेक आणि पोफर्त्यस, म्हणजे छोटे पॅनकेक, यांत बहुतेक असतंच, सूप मांसाच्या रश्शाचं असू शकतं, आणि फ्रेंच फ्राइज ज्या तेलात तळले त्यातच मांस भरलेलं क्रोकेतही तळलेलं असतं, तेव्हा "झेल्फदं ओली?", म्हणजे तेल तेच का, एवढं तरी विचार. चीजबद्दल 'स्त्रेम्सल' हा शब्द लक्षात ठेव, दूध विरजायला घालतात ते. ते वासराच्या पोटातून काढलेलं असू शकतं, म्हणून वेष्टणावर 'वेखेतारिस स्त्रेम्सल' किंवा 'मिक्रोबीएल स्त्रेम्सल' आहे का ते बघून घे. सासूबाईंना हे आधी सांगू की नको, असा प्रश्न तुला पडेल. सांग. त्यांच्या जेवणाचा निर्णय त्यांचा.

आता भाषेचं थोडं, कारण तू पत्रात 'मला जमतच नाही' असं लिहिलंयस. तुझ्या वर्गात इंग्रजीतून विचार करणारे जे असतील, त्यांच्यापेक्षा काही बाबतीत तुझं सोपं आहे. डचमध्ये 'ओमदात' म्हणजे 'कारण' आलं की क्रियापद शेवटी जातं. "ओमदात मेइन स्खोनमूदर खेन व्लेस एत." 'कारण माझ्या सासूबाई मांस खात नाहीत.' खाणं शेवटीच, आपल्यासारखं. व्हेइफ-एन-ट्विंतिख म्हणजे पाच-आणि-वीस, आणि पंचवीस म्हणजे तरी दुसरं काय? एकक आधी, दशक नंतर. भाच्याला हे दाखव, तीन दिवसांत तो तुझ्याआधी किमती ओळखायला लागेल. मोठ्या माणसाला 'यू' आणि बरोबरीच्याला 'येइ', हे तुम्ही आणि तू सारखं. आणि सासूबाईंना स्खोनमूदर या शब्दातला स्खोन म्हणजे सुंदर, हे नक्की सांग.

एका ठिकाणी मात्र सांभाळ. 'हाल्फ व्हीर' ऐकलं की व्हीर म्हणजे चार, हाल्फ म्हणजे अर्धा, म्हणून साडेचार असं वाटतं. मलाही वाटलं होतं. आई-बाबांना घेऊन एका गावात गेले होते, कालव्यातल्या बोटीची शेवटची फेरी हाल्फ व्हीरला आहे असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. आम्ही निवांत जेवलो, चार वाजता धक्क्यावर आलो. बोट अर्धा तास आधीच गेली होती. बाबा बाकावर बसले, आईने काही न बोलता थर्मासमधला चहा काढला. ते दोघे त्या बोटीसाठी तिथवर आले होते आणि तो त्यांचा शेवटचा शनिवार होता. हाल्फ व्हीर म्हणजे चारकडे जाताना अर्धा, साडेतीन. हाल्फ द्री अडीच, हाल्फ ट्वे दीड. आपल्याकडे दीड-अडीचला वेगळे शब्द आहेत, तसा डचमध्ये दीडला 'आंदरहाल्फ' आहे. बाजारात हा फार लागतो.

आणि बाजार म्हटला की हागचा, म्हणजे आपण हेग म्हणतो त्या शहरातला. तुमच्याकडून ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचशील. हाख्स मार्क्त सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार भरतो. सासूबाईंसाठी या अडीच महिन्यांत एकच बाजार निवडायचा असेल तर हाच निवड. सुरिनामहून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची तिथे मोठी वस्ती. 1873 साली 'लाला रूख' जहाजाने भोजपुरी मुलखातली मजूर माणसं सुरिनामला पोचली, ऊसमळ्यांवर करार करून आणलेली. 1975 साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमाराला त्यांच्यातले हजारो जण इकडे आले. त्यांची सरनामी बोली भोजपुरीतून आलेली आहे, थोरली माणसं ती अजून बोलतात. सासूबाईंची हिंदी आणि तुझं डच, दोन्ही एकाच ठेल्यावर चालतील. भेंडीला तिथे ओकर म्हणतात, कारल्याला सोप्रोपो, चवळीच्या लांब शेंगांना काउसनबांत, वांग्याला बूलांजे. "वी इस अर आन द ब्यर्त?" म्हणजे पुढचा नंबर कोणाचा, असं ठेलेवाला ओरडला की "इक!" म्हणून हात वर कर. "आंदरहाल्फ किलो काउसनबांत, ग्राख." तो "आंदर्स नोख ईत्स?" विचारेल, अजून काही? नको असेल तर "दात वास हेत." हे सगळं दहा-बारा सेकंदांत होतं आणि बाजारात गर्दी असल्यामुळे कोणी इंग्रजीवर येत नाही. त्या वस्तीत पॉल क्रूखरलान नावाचा रस्ता आहे, तिथे साड्या, दागिने, मिठाया सगळं दिसेल. सासूबाईंना तिथे अर्धा दिवस दे, घाई करू नकोस.

भाच्यासाठी 26 एप्रिलची संध्याकाळ राखून ठेव. 27 तारखेला राजाचा वाढदिवस, कोनिंग्सदाख, आणि युट्रेख्तचा फ्रेइमार्क्त आदल्या संध्याकाळी सहालाच सुरू होतो, रात्रभर चालतो. घरातली जुनी खेळणी, पुस्तकं, कपडे रस्त्यावर मांडून मुलं विकत असतात. या मुलांना तुझ्याशी इंग्रजी बोलायची हौस नसते. आठ वर्षांच्या मुलीला गाडीची किंमत विचार, घासाघीस कर, ती तुझ्याशी अस्सल डचमध्ये वाद घालेल आणि तुझं चुकलं तर तिथेच दुरुस्त करेल. भाच्याच्या हातात दहा युरोची सुटी नाणी दे आणि त्याला काय हवं ते तू विचारायचं, असं ठरवा. फक्त 27 तारीख रविवारी आली तर सगळा कार्यक्रम एक दिवस अलीकडे येतो, ते बघून घे.

सासऱ्यांना घेऊन तुझ्या गावातल्या नॉयद चौकातल्या ग्रंथालयात जा. जुन्या पोस्टाची इमारत, आतली उंच पिवळ्या विटांची कमान बघून माणूस वर बघतच राहतो. बसायला जागा, चहा, स्वच्छतागृह सगळं आहे. थकलेल्या दिवसासाठी फार बरं. तालकाफे कधी भरतं ते तिथल्या काउंटरवर डचमध्ये विचार. तालकाफे म्हणजे शिकणाऱ्यांनी एकत्र बसून नुसतं बोलायचं. तुला त्या वेळात सोडून ते वर्तमानपत्रं चाळतील, त्यांनाही स्वतःचा असा वेळ हवा असतो.

परीक्षेत केएनएमचा पेपर आहेच, म्हणजे या देशाचा इतिहास, कायदे, रीतीभाती. त्यातलं बरंच या फिरण्यात तुला डोळ्यांनी दिसेल. देल्फ्तच्या निऊव केर्क या चर्चमध्ये ऑरेंजच्या विल्यमची, म्हणजे स्पेनविरुद्धच्या डच बंडाच्या नेत्याची समाधी आहे, 1584 साली त्याच गावात त्याला गोळी घातली. 1953 च्या जानेवारीअखेरच्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला, झेलांडमध्ये आणि आसपास 1836 माणसं गेली, मग डेल्टाचे बांध उभे राहिले. संध्याकाळी सासूबाईंना ही गोष्ट तू मराठीत सांग, नंतर तीच चार वाक्यांत डचमध्ये स्वतःशी म्हण. मराठीत समजावून सांगितलेलं डचमध्ये सांगायला सोपं जातं, हे मी शिकवताना नेहमी पाहते.

4 मेच्या संध्याकाळी आठ वाजता दोन मिनिटं सगळा देश स्तब्ध उभा राहतो, युद्धात गेलेल्यांसाठी. ट्राम थांबतात. घरच्यांना आधी सांगून ठेव आणि त्या वेळी जवळच्या चौकात घेऊन जा. माझे बाबा त्या दोन मिनिटांनंतर कितीतरी वेळ बोलले नव्हते.

प्रवासातल्या दोन-तीन गोष्टी. प्रत्येकाने आपापलं कार्ड टेकवून आत आणि बाहेर पडायचं, एका कार्डावर दोघे जात नाहीत. हे सासूबाईंना पहिल्या दिवशी सराव करून शिकव. ट्रेनमध्ये खिडकीवर 'स्तिल्त' लिहिलेला डबा शांततेचा, तिथे बसू नका. तुम्हाला गप्पा मारायच्यात आणि चिवड्याचा डबा उघडायचाय, शेजारचा माणूस कपाळाला आठ्या घालून बसेल. ट्रेनमधली घोषणा मात्र रोज कान देऊन ऐक आणि सासऱ्यांना विचारू दे, काय म्हणाले? पुढचं स्टेशन, कुठल्या फलाटावर बदल, किती मिनिटं उशीर. ऐकण्याच्या पेपरची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

कोणी इंग्रजीवर आलं तर तोंडात एक वाक्य तयार ठेव. "इक बेन नेदरलान्त्स आन हेत लेरन, माख इक हेत प्रोबेरन?" मी डच शिकतेय, प्रयत्न करू का? डच माणूस इंग्रजीवर येतो तो आपलं काम सोपं व्हावं म्हणून. असं विचारलंस की दहातले आठ जण थांबतात, सावकाश बोलतात, आणि कित्येकदा आनंदाने हसतात.

आणि हे सगळं त्यांच्या पहिल्याच दिवशी सुरू कर, स्खिपोल विमानतळावरच. पहिला आठवडा इंग्रजीत गेला की नंतर डच काढताना संकोच वाटतो, सगळ्यांना तुझ्या तोंडी इंग्रजीच सवयीचं होतं. तेव्हा बाहेर आले, मिठ्या मारून झाल्या, सामान मोजून झालं की जवळच्या कॉफीच्या काउंटरवर जा. सासू-सासऱ्यांना विमानात चहा धड मिळालेला नसतो. इथे कपात गरम पाणी, बाजूला चहाची पिशवी आणि दूध मागितलं तरच येतं. तेव्हा दोघांना शेजारी उभं करून सांग, "ट्वे ते मेत वार्मं मेल्क, ग्राख." पिशवी ते बुडवतील, साखर तू घाल.